इंजिनासाठी थंड हवेची वाट

एप्रिलच्या दुपारी सोलापुरात सात रस्ता चौकात गाडी सिग्नलला अडकते. एसी चालू असतो. सिग्नल सुटतो, आपण ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडी जड पावलांनी निघते. हीच गाडी पहाटे सहाला हलकी पळालेली असते. एसीचा भार हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण बॉनेटखाली असतं. पहाटे इंजिन गार हवा ओढत होतं. आता ते रेडिएटरमागे भाजून निघालेली हवा ओढतंय.

इंजिनाला बाहेरची, न तापलेली हवा मिळावी म्हणून जी नळी बसवतात तिला ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतात. सोप्या मराठीत, थंड हवेची वाट. बाजारात चकचकीत नळी आणि शंकूच्या आकाराचा फिल्टर असा तिचा संच मिळतो, त्याला काही हजार रुपये पडतात. नळाच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या पीव्हीसी पाइपची तीच वाट घरी हजाराच्या आत होते. माझ्या मते ती जास्त चांगलीही होते, कारण घरच्या पद्धतीत आपण कंपनीचा फिल्टर आणि त्याचा डबा जागच्या जागी ठेवतो. बदलायचं ते फक्त हवा आत शिरण्याचं तोंड.

पुढे सांगितलेलं सगळं टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीसाठी आहे. टर्बो गाडीत, म्हणजे पंख्यानं हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या गाडीत, ती हवा गार करायला इंटरकूलर नावाची वेगळी जाळी दिलेली असते. तिथे आपल्या नळीचा फारसा उपयोग नाही. गाडीला जुन्या पद्धतीचं, हवेच्या नळीत मिक्सर बसवलेलं सीएनजी किट असेल तर कृपया या कामाला हात लावू नका. त्या किटमध्ये बॅकफायर झाला, म्हणजे जाळ उलटा नळीत आला, तर फिल्टरचा डबासुद्धा फुटतो.

थंड हवेनं नेमकं काय होतं

इंजिन दर वेळी ठरावीक आकारमानाची हवा ओढतं. रस्त्यावरच्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांचं इंजिन १,१९७ सीसीचं आहे, तेच उदाहरण घेऊ. असं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण पोट भरतं. मिनिटाला ६,००० फेऱ्या चालू असतील तर सेकंदाला जवळपास ६० लिटर हवा झाली. ऑफिसात पाण्याचे २० लिटरचे जार असतात ना, तसे तीन जार भरून हवा, दर सेकंदाला. प्रत्यक्षात पोट पूर्ण भरत नाही, त्यामुळे आकडा थोडा कमी पडतो.

पण पेट्रोल जळतं ते हवेच्या आकारमानावर नाही, वजनावर. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा तापली की फुगते, विरळ होते, आणि त्याच ६० लिटरमध्ये तिचं वजन कमी भरतं. दर १० अंशांमागे अंदाजे ३ टक्के. बाहेर ३८ अंश असताना बॉनेटखालची ६५ अंशांची हवा इंजिनात गेली, तर ती ८ टक्के हलकी असते.

विरळ हवेचा अनुभव आपण घेतलेलाही असेल. पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वरला गेलं की गाडी थोडी मंद वाटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. उंचीमुळे असो की उष्णतेमुळे, इंजिनाला श्वास कमीच पडतो.

मात्र हे ८ टक्के जसेच्या तसे हातात पडत नाहीत. आत गेलेली गार हवा इंजिनापर्यंत पोचताना वाटेत पुन्हा थोडी तापते. शिवाय हायवेला गाडी वेगात असते तेव्हा बॉनेटखालची गरमी आपोआप वाहून जाते. फरक जाणवतो तो गर्दीत, घाटात, भर उन्हात, सिग्नल सुटल्यावरच्या पहिल्या मिनिटात. उन्हाळ्यात चढावर इंजिनातून येणारा टकटक आवाज, ज्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात, तोही थोडा कमी होऊ शकतो.

दोन गैरसमज इथेच दूर करू. पहिला, मायलेज वाढतं हा. पेट्रोल इंजिनाला किती हवा द्यायची हे आपला पाय ठरवतो. हवा गार आणि घट्ट आली तर तेवढ्याच वेगासाठी पाय थोडा कमी दाबावा लागतो, एवढंच. पेट्रोल वाचत नाही. दुसरा, वेगामुळे हवा आत कोंबली जाते हा. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. तोंड मोठ्या भोंग्यासारखं केल्यानं काही मिळत नाही, उलट पावसाचं पाणी जास्त येतं.

आधी मोजा, मग कापा

बॉनेट उघडा आणि फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा शोधा. त्याच्यातून दोन नळ्या निघतात. जाड रबरी, घड्या असलेली नळी इंजिनाकडे जाते. ती स्वच्छ बाजू. दुसरी, बहुतेक वेळा कडक प्लास्टिकची, बाहेरून हवा घेते. ती धुळीची बाजू. आपलं सगळं काम धुळीच्या बाजूला आहे. स्वच्छ बाजूला आपण बोटही लावणार नाही, आणि याचं कारण पुढे येईल.

आता त्या धुळीच्या नळीचं तोंड कुठे आहे ते टॉर्च मारून पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांत ते आधीच ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर असतं. म्हणजे कंपनीनंच थंड हवेची वाट दिलेली आहे. तसं असेल तर आपले पैसे आणि रविवार दोन्ही वाचले. तोंड इंजिनाच्या अंगावर, रेडिएटरच्या पंख्यामागे किंवा बॅटरीच्या कोपऱ्यात उघडत असेल, तर पुढे वाचा.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, तापमान मोजा. माशांच्या टाकीसाठी किंवा फ्रिजसाठी लांब वायरचा छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, दीडदोनशे रुपयांत. त्याचं टोक नळीच्या तोंडात, कडेला न टेकता लोंबेल असं टायनं बांधा. टाय पक्का ओढा. सुटलेलं टोक आत ओढलं गेलं तर फिल्टरवर जाऊन आपटेल. वायर बॉनेटच्या कडेनं बाहेर काढून आकडा दिसेल अशा जागी काचेजवळ चिकटवा. गाडीत ओबीडी सॉकेट असेल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला विचारण्याचा प्लग, तर स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर ‘इनटेक एअर टेंपरेचर’ हा आकडाही वाचता येतो.

दुपारी एकच ठरलेला रस्ता घ्या. सुरुवातीला, दहा मिनिटं गर्दीत चालवल्यावर, सिग्नलला तीन मिनिटं थांबल्यावर आणि मोकळ्या रस्त्याला पाच मिनिटं गेल्यावर, असे चार आकडे वहीत लिहा. त्याच वेळचं बाहेरचं तापमान सावलीत मोजून शेजारी लिहा. दोहोंतला फरक गर्दीतही ८ ते १० अंशांच्या आतच राहत असेल, तर खरंच काही करू नका. फरक २० च्या पुढे असेल तर काम करण्याजोगं आहे.

ही वही मी पहिल्यांदा ठेवली नव्हती. तेव्हा मी डबा काढून टाकला, त्या जागी शंकूचा उघडा फिल्टर लावला, आणि आवाज मोठा झाला म्हणून गाडी जोरात पळते असं महिनाभर समजत होतो. नंतर थर्मामीटर लावला तर सिग्नलला उभं राहिल्यावर हवा आधीपेक्षा जास्त तापलेली होती. साहजिकच होतं. डब्याच्या भिंती थोडी तरी आडोशाचं काम करायच्या. उघडा फिल्टर थेट इंजिनाच्या वाफाऱ्यात बसला होता. नाव थंड हवेचं आणि काम गरम हवेचं, असं बॉनेटखालच्या उघड्या फिल्टरचं होतं. मोठा आवाज ऐकून आपलीही अशी समजूत होऊ शकते, म्हणून वही.

तोंडाची जागा

गार हवेच्या जागा गाडीत मोजक्याच: ग्रिलच्या मागे पण रेडिएटरच्या पुढे, हेडलाइटच्या शेजारची पोकळी, आणि काही गाड्यांत पुढच्या मडगार्डच्या आतला कोपरा. रेडिएटरच्या मागची कुठलीही जागा बाद. रेडिएटरमधून पलीकडे येणारी हवा तापूनच येते, कितीही वेगात आली तरी.

बंपरच्या खालच्या जाळीमागची जागा मोहात पाडते, कारण तिथली हवा खरोखर गार असते. ती घेऊ नका. आपलं नवं तोंड कंपनीच्या जुन्या तोंडापेक्षा एक बोटही खाली जाता कामा नये. पाण्याचा विषय आला की याचं महत्त्व कळेल.

नियम आणखी एक, आणि तो मी स्वतःपुरता कधी मोडत नाही: गाडीचा पत्रा कापायचा नाही, कंपनीचा एकही भाग कायमचा बदलायचा नाही. जिथे आधीच भोक किंवा फट आहे तिथूनच नळी न्यायची. काढलेली मूळ नळी पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून माळ्यावर ठेवायची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरबदल करण्यावर बंधनं आहेत, आणि गाडी वॉरंटीत असेल तर हवेच्या मार्गातल्या बदलावरून वाद होऊ शकतो. वॉरंटी संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. काम सुरू करण्याआधी आपल्या सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला विचारून घ्या.

सामान

पीव्हीसी पाइप एक मीटर, ४५ अंशांचे दोन बेंड, डब्याच्या तोंडाशी जोडायला रबरी होजचा वीतभर तुकडा, तीन होज क्लिपा, ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, मच्छरजाळीपेक्षा मोठ्या छिद्रांची तारेची जाळी, भोकं पाडलेली एक एल पट्टी, दोन नटबोल्ट, रबरी वॉशर आणि पीव्हीसी चिकटवायचं सोल्युशन. हत्यारांत करवतीचं पातं, कानस, पॉलिश पेपर आणि स्क्रूड्रायव्हर. एवढ्यात भागतं.

पाइपच्या मापात लोक हमखास चुकतात. आपल्याकडे पीव्हीसी पाइपचं मिलिमीटरमधलं माप बाहेरून घेतलेलं असतं: ६३, ७५, ९०. इंचात विचारलं तर एक दुकानदार एक देतो, दुसरा दुसरं. म्हणून मिलिमीटरमध्येच मागा आणि सोबत टेप न्या. शेतीसाठी मिळणारा ‘चार किलोचा’ पाइप पुरेसा जाड असतो. त्याहून पातळ घेतला तर क्लिप आवळताना तोंड चेपतं.

६३ घ्यावा की ७५? ६३ मिमीच्या पाइपची आतली जागा साधारण २८ चौरस सेंटिमीटर भरते, ७५ ची ३९ च्या आसपास. आपले सेकंदाला ६० लिटर ६३ मधून जायला हवेला सेकंदाला २१ मीटर वेगानं धावावं लागतं, ७५ मधून १५ मीटरनं. वेग वाढला की प्रत्येक वळणावर ओढ वाढते. १,००० सीसीच्या आतल्या गाडीला ६३ पुरतो. १,२०० च्या आसपास ७५ घ्या, जागा असेल तर. आणि कुठल्याही परिस्थितीत कंपनीच्या नळीच्या तोंडापेक्षा लहान माप नको. तिचं तोंड लंबगोल असतं, त्यामुळे लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढा. नुसत्या नजरेनं फसायला होतं.

९० अंशांचा एल्बो शक्यतो टाळा. हवेला काटकोनात वळायला आवडत नाही. त्याऐवजी ४५ चे दोन बेंड थोड्या अंतरानं लावले तर वळण सैल होतं.

पुठ्ठ्याची नळी

पाइप कापण्याआधी जुन्या कॅलेंडरचा जाड कागद पाइपच्या मापानं गुंडाळून नळी करा आणि बॉनेटखाली ठेवून पाहा. कुठे वळते, कुठे अडते, बॉनेट बंद केल्यावर चेपते का. बॉनेटच्या आतल्या बाजूला किती जागा आहे ते कळायला नळीवर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट हळूच मिटा. गोळा किती चपटा झाला ते पाहा. दोन सेंटिमीटर तरी मोकळे राहायला हवेत.

याच वेळी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कुठे आहे ते नीट बघून ठेवा. इंजिनातला जळका धूर जिथून बाहेर पडतो तो हा बिडाचा किंवा पत्र्याचा फाटा, जोरात चालवल्यावर काही शे अंशांपर्यंत तापतो. पीव्हीसी ६० अंशांच्या पुढे कमजोर पडू लागतं आणि ७५–८० ला मऊ होतं. नळी या फाट्यापासून किमान एक वीत लांब हवी. माझी एक नळी चार बोटांवरून गेली होती. मे महिन्यात कुर्डुवाडीच्या रस्त्याला गाडी एकदम दमायला लागली. बॉनेट उघडलं तर नळी मधोमध बसून तिची फट उरली होती. वीतभर अंतर मिळतच नसेल तर त्या गाडीत पीव्हीसी वापरू नका; कंपनीच्याच नळीला पुढे रबरी होजचा तुकडा जोडण्यापुरतं काम मर्यादित ठेवा.

कापणं आणि जोडणं

कागदी नळीवरून पाइपवर खुणा करा आणि करवतीच्या पात्यानं सरळ कापा. सरळ रेघेसाठी पाइपभोवती वर्तमानपत्राची पट्टी घट्ट गुंडाळली की तिची कडच रेघ होते.

कापल्यावर आतून-बाहेरून कानस मारा, पॉलिश पेपर फिरवा आणि पाइप पाण्यानं धुऊन वाळवा. पीव्हीसीचा भुसा अंगाला चिकटून बसतो. तो फिल्टरपाशी जाऊन अडकतो हे खरं, पण नव्या कामात कचरा मुळातच का सोडायचा.

पाइप जाळावर धरून वाकवू नका. शेतात तसं करतात हे आपण पाहिलं असेल, पण जळक्या पीव्हीसीचा धूर छातीला आणि डोळ्यांना घातक असतो, शिवाय वाकलेल्या जागी पाइप चपटा होतो. बेंड वीस-तीस रुपयांना मिळतो, तोच लावा.

बेंड आणि पाइप आधी सोल्युशन न लावता कोरडेच जोडा, गाडीत बसवा, हवे तसे फिरवा आणि जोडावर पेननं आडवी रेघ मारा. मग बाहेर काढून सोल्युशन लावा आणि रेघेला रेघ जुळवा. सोल्युशन काही सेकंदांत धरतं, नंतर फिरवता येत नाही. रात्रभर वाळू द्या. त्या सोल्युशनची वाफ इंजिनात जाऊ नये म्हणूनही हे गरजेचं आहे.

नळी डब्याला थेट घट्ट जोडू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, सुरू होताना आणि गिअर टाकताना ते हलतं. डबा इंजिनावर आणि नळीचं दुसरं टोक गाडीच्या अंगाला असेल तर कडक जोड महिन्याभरात तडकतो, कधी डब्याचा कान तुटतो. म्हणून मध्ये रबरी होजचा तुकडा. दोन टोकांना दोन क्लिपा. क्लिप इतकीच आवळा की रबर किंचित दबेल. पाइप चेपला तर जास्त झालं.

पुढचं टोक एल पट्टीनं गाडीच्या अंगावरच्या एखाद्या आधीच्या बोल्टला बांधा, मध्ये रबरी वॉशर घाला. वॉशर नसेल तर नळी पत्र्यावर घुमते आणि त्या गुणगुणीनं आपण हैराण होतो.

तोंडावर जाळी. तिची छिद्रं पाच-सहा मिलिमीटरची हवीत. मच्छरजाळी लावली तर आठ दिवसांत ती धुळीनं बुजते आणि आपण केलेली सगळी मेहनत वाया जाते. जाळी फक्त पालापाचोळा, चिचुंद्री आणि पाकोळ्या यांच्यासाठी आहे. धूळ अडवायला आत फिल्टर बसलेला आहे.

नळीचा जो भाग इंजिनाच्या अंगाला आहे त्याला ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळा. चकाकणारा पृष्ठभाग समोरून येणारी धग बरीचशी परतवतो. पूर्ण नळी गुंडाळायची गरज नाही.

स्वच्छ बाजूला हात का लावायचा नाही

फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या नळीवर दोनतीन बारीक नळ्या जोडलेल्या दिसतात. त्यांतली एक इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत आत आणते. काही गाड्यांत तिथेच हवेचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. काही गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, आत गेलेल्या हवेचं वजन मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असतो. त्याचा नाजूक तापलेला भाग तेलाच्या थेंबानंही बिघडतो. बाजारातल्या तेल लावून वापरायच्या फिल्टरवर तेल जास्त झालं की नेमकं हेच घडतं.

याच नळीवर कधी एक बंद पोकळ डबी लटकलेली दिसते. ती बिनकामाची समजून बरेच जण काढतात. ती रेझोनेटर, हवा ओढण्याचा आवाज ती दाबते. ती असू द्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट धुळीची. फिल्टरनंतर बोटभर जरी फट राहिली तरी न गाळलेली हवा सरळ सिलिंडरमध्ये जाते. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत, खडी क्रशरच्या आणि ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर तर जास्तच, बारीक वाळू असते. ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत झिजवते. गाडी तेल प्यायला लागते. काही टक्के गार हवेसाठी हा व्यवहार परवडणारा नाही. म्हणून मूळ फिल्टर, मूळ डबा, आणि डब्याचे सगळे क्लिपलॉक नीट बसलेले. काम संपल्यावर डब्याच्या कडेनं बोट फिरवून खात्री करा.

पाणी

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे.

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. १,१९७ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर गेल्यावर प्रत्येक सिलिंडरमध्ये उरणारी जागा जेमतेम ३० ते ३५ मिलिलिटर असते, कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढी. त्याहून जास्त पाणी आत शिरलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, आणि मागून येणाऱ्या जोरानं कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. त्यानंतरचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईच्या रस्त्यांवर किती गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या ते ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण इंजिन बिघडायला तेवढा लागतही नाही. पुलाखाली साचलेल्या गुडघाभर पाण्यातून समोरच्या ट्रकची लाट बंपरवर आली आणि नळीचं तोंड खाली असलं, की एका घोटात काम होतं. साध्या विमा पॉलिसीत अशा वेळी इंजिनाचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. त्यात आपण स्वतः हवेची नळी बदललेली असेल तर दावा आणखी अवघड होऊ शकतो.

म्हणून तोंड उंच हवं आणि समोर वाऱ्याकडे नको, थोडं बाजूला किंवा मागे वळवलेलं हवं. नळी तोंडापासून डब्याकडे जाताना चढती असावी. कुठे खोलगट भाग झालाच, तर त्याच्या तळाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे पावसाचे शिंतोडे तिथून गळतील. ते भोक धुळीच्या बाजूला असल्यानं त्याची भीती नाही.

माझा स्वतःचा रिवाज असा की मृगाच्या आधी ही नळी काढतो आणि माळ्यावरची कंपनीची नळी परत लावतो. पावसाळ्यात बाहेरची हवा गारच असते, नळीचा फायदा तेव्हा नगण्य. होज क्लिपमुळे हे काम वीस मिनिटांचं आहे. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे जरूर करावं.

आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर स्टार्टर मारू नका. एकदाही नाही. गाडी ढकलून उंच जागी न्या, फिल्टरचा डबा उघडून ओल आहे का पाहा, आणि ओल असली तर मेकॅनिकला स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामे करायला सांगा. पुष्कळदा पाण्यात इंजिन नुसतं बंद पडलेलं असतं आणि दांडा वाकतो तो दुसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर.

पुन्हा मोजणी

नळी बसली की गाडी जागेवर सुरू करा आणि दहा मिनिटं चालू ठेवा. नळी कुठे घासते का, रबर सरकतंय का, घरघर वाढली का ते पाहा. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला तर आपल्या हातून स्वच्छ बाजूचा एखादा प्लग किंवा नळी सुटली असणार, तेच आधी तपासा.

मग त्याच रस्त्याला, त्याच वेळी, जमलं तर तेवढ्याच उन्हाच्या दिवशी जा आणि तेच चार आकडे लिहा. बाहेरच्या तापमानापेक्षा किती जास्त, हा फरकच दोन्ही वेळी जुळवून पाहायचा. नुसते आकडे जुळवले तर ढगाळ दिवस आपल्याला फसवतो. मोकळ्या रस्त्यावर फरक पाच-सात अंशांवर आला तर काम फत्ते. सिग्नलला उभ्या गाडीत तो थोडा वाढणारच, कारण पुढून वारा नसतो.

नळी हवा अडवत तर नाही ना, हेही घरी कळतं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात तो पारदर्शक बारीक पाइप बॉनेटखालून गाडीच्या आत पोचेल एवढा लांब घ्या, इंग्रजी यू आकारात फळीला बांधा आणि त्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक आपल्या नळीच्या डब्याकडच्या भागात बारीक भोक पाडून त्यात बसवा, दुसरं गाडीत उघडं ठेवा. शेजारी बसलेल्या माणसानं फळी उभी धरायची, आपण मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढं अंतर पडेल ती ओढ. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळजवळ एक टक्का. कंपनीच्या नळीवरही, भोक न पाडता टोक तोंडातून आत सरकवून, हेच करून पाहा. आपली ओढ तिच्यापेक्षा जास्त आली तर कुठेतरी वळण फार आवळलं आहे किंवा जाळी फार बारीक आहे. चाचणी झाल्यावर ते भोक रबरी बुचानं बंद करा.

दर दोन महिन्यांनी क्लिपा हातानं हलवून पाहा आणि जाळी झटका. नळीतून जास्त हवा आली नाही तरी धूळ जास्त येऊ शकते, कारण ग्रिलच्या मागे ती थेट समोरून येते. पहिले सहा महिने फिल्टर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला काढून बघा, आणि काळवंडला असेल तर बदला.

पावसाळ्यात काढून ठेवलेली नळी दिवाळीच्या सुमाराला परत लावण्याआधी तिच्यातून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. माळ्यावर पडलेली पोकळ नळी कुंभारमाशीला फार आवडते. एका वर्षी माझ्या नळीच्या बेंडमध्ये तिनं मातीची तीन घरटी रचली होती, पक्की वाळलेली. तेव्हापासून मी नळी ठेवताना दोन्ही तोंडांना जुन्या सुती कापडाचे बोळे लावतो, आणि बसवण्याआधी ते काढायची आठवण म्हणून एका बोळ्याला लाल दोरा बांधतो.